बेटावरच्या सतरा काठ्या

अंबरनाथ
१८ मार्च २००३

ती. मंजुळा आजीस,
सप्रेम जयभीम.

मी सुहास, रामजी आजोबांच्या धाकट्या भावाचा नातू. गाव सुटलं तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, त्यानंतर दोन लग्नांना आलो तेवढंच. त्यामुळे तुम्ही ओळखाल की नाही शंका आहे. मी इथे बँकेत कारकून आहे आणि रविवारी पक्षी पाहणाऱ्यांच्या एका गटाबरोबर हिंडतो.

बाबा सांगतात की सावित्रीच्या पात्रात आपलं एक छोटं बेट आहे, तिथे आपण भात आणि वाल करतो, आणि उन्हाळ्यात त्याच शेतात पाणपक्षी येऊन अंडी घालतात. आमच्या गटाच्या सरांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आम्ही पाच जण आलो तर चालेल का? राहायची, जेवायची सोय आम्ही आमची करू. आपणांस त्रास नको.

आपला,
सुहास


उंबरकोंड, ता. महाड
२६ मार्च २००३

चि. सुहासला मंजुळाआजीचा जयभीम.

हे पत्र माझी नात दीक्षा लिहिते. महाडला डी.एड. करते. मला अक्षर येत नाय, तोंड येतं. मी बोलेन तसं लिही, शाळेतला बाईपणा करून सुधारू नको, असं तिला बजावलंय.

तुला ओळखत नाय कसं? दुसऱ्या लग्नात आचाऱ्याच्या शेजारी बसून त्याला जिलेबी कशी पाडायची ते समजावत होतास तो तूच. सात वर्षांचा होतास. आचारी अजून तुझी आठवण काढतो, चांगली नाय.

राहायची सोय तुम्ही करणार म्हणजे कुठं, नदीत? पाच माणसांच्या भाकऱ्या टाकायला मला त्रास होतो असं कुणी सांगितलं तुला? गुपचूप घरी यायचं.

बेट बघायला या. ते तुझ्या पणजोबाला मिळालं, कारण दुसऱ्या कुणाला नको होतं. पावसात अर्धं पाण्याखाली जातं. पण कुठलं अर्धं, हे आम्हाला टिटवी सांगते. ती जिथवर अंडी घालते तिथवर पूर चढत नाय. तिच्या वरच्या अंगाला आम्ही भाताचं रोप टाकतो. साठ वर्षं बघते हाय, टिटवी दोनदा चुकली. रेडिओ किती वेळा चुकला ते मोजायचं सोडलं. टिटव्यांशिवाय काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे पक्षीही येतात, पाण्यावर सूर मारणारे. त्यांना आम्ही टोपीवाले म्हणतो. ते वाळूच्या टोकाला बसतात.

मी संगं येणार नाय. वीस मार्चला चवदार तळ्यावर गेले होते, गर्दीत गुडघा दुखावला. शेजारचा श्रीपत होडीनं नेईल. अंडी उघड्या जमिनीवर असतात, खड्यांसारखीच दिसतात, तेव्हा पाय बघून टाका. बाकी काय सांगायला नको. आंधळ्यालाही कळेल असं तिथं करून ठेवलंय.

तुझी,
मंजुळाआजी


अंबरनाथ
९ एप्रिल २००३

ती. आजीस,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचलो. तुमचं बेट पाहून सर थक्क झाले. एवढ्याशा जागेत इतकी घरटी त्यांनी कुठेही पाहिली नव्हती. त्यांनी खूप फोटो काढले, आता एका वर्तमानपत्रात लेख लिहिणार आहेत. तुमच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या सगळ्यांना अजून आठवतात.

एक गोष्ट मात्र तिथे पाहिली आणि मन खट्टू झालं. उगाच कुणावर आळ घेत नाही. आमच्याकडून जे करण्यासारखं होतं ते आम्ही तिथल्या तिथे केलं. सविस्तर कधीतरी भेटीत.

गुडघ्याची काळजी घ्या.

आपला,
सुहास


उंबरकोंड
२७ एप्रिल २००३

सुहास,

तुझं पत्र पावलं. 'मन खट्टू झालं' एवढंच दीक्षाकडून तीनदा वाचून घेतलं. मी बोलले, सुकटाची चटणी तिखट झाली असणार. नायतर तुझ्या सरांना सकाळी झाडामागं जायची लाज वाटली असणार. शहरातल्या माणसाचं मन पोटावरून खट्टू होतं.

आता माझं झालंय, आणि त्याला चटणी कारण नाय.

तुला इथली रीत ठाऊक नसेल म्हणून सांगते. मार्चात टिटव्या बसायला लागल्या की श्रीपत महिनाभर रोज बेटावर फेरी मारतो. जिथं अंडी दिसतील तिथं हातभर अंतरावर निरगुडीची काठी रोवतो आणि काठीला चिंधी बांधतो. चिंधी माझ्या जुन्या लुगड्याची, पिवळी, लांबून दिसते. मग पिल्लं निघेपर्यंत तोही तिकडं फिरकत नाय, पक्षी बिथरतात. काठी हाय तिथं गुरं न्यायची नाय, नांगर घालायचा नाय, राब भाजायचा नाय, म्हणजे रोपासाठी जमीन जाळायची नाय. पिल्लं निघून पळाली की मगच श्रीपत काठी उपटतो. म्हणजे काठी नाय तिथं कुणी बसलेलं नाय. एवढं साधं.

यंदा सतरा काठ्या होत्या. त्यानंच सांगितलं होतं.

गेल्या रविवारी गुडघा जरा बरा वाटला म्हणून राब भाजायला गेले. वाफ्यावर कवळाच्या फांद्या, पातेरा, शेणी, वरून माती, सगळं पोरींनी रचून ठेवलं होतं. पेटवायचं काम माझं. बघते तर बेटावर एक काठी नाय. मला वाटलं, लवकर निघाली पिल्लं, बरं झालं. वाऱ्याची बाजू बघून पेटवलं.

टिटव्या डोक्यावर ओरडायला लागल्या. त्या नेहमीच ओरडतात, म्हणून पहिल्यानं कान दिला नाय. मग एक खाली आली, धुरात, आणि उठेना. तेव्हा कळलं. आग विझवता येईना. नंतर राख उकरली तर पाच घरं सापडली. अंडी तडकलेली. मी स्वतःच्या हातानं, सुहास. साठ वर्षांत पहिल्यांदा.

श्रीपतला विचारलं, काठ्या का काढल्यास? तो बोलला, मी हात नाय लावला, वैनी. मी बोलले, मग काय टिटव्यांनी उपटल्या? चुलीत घातल्यास आणि वर खोटं बोलतोस. सगळ्या वाडीसमोर बोलले. तेव्हापासून त्यानं होडी काठावर पालथी घालून ठेवलीय आणि आमच्या दारावरून जायचं असलं तर वरच्या वाटेनं जातो. चाळीस वर्षांचा शेजार हाय.

तुम्ही गेलात तेव्हा काठ्या होत्या का, एवढं कळव. म्हणजे त्यानं कधी काढल्या ते त्याच्या तोंडावर सांगता येईल.

मंजुळाआजी


उंबरकोंड
१९ मे २००३

सुहास,

बावीस दिवस झाले. पोस्टमनला रोज विचारते. तो बोलतो, आजी, नातू कामात असेल. मी बोलले, बँकेत काम असतं हे मला पहिल्यांदाच कळतंय.

पण आता उत्तराची गरज नाय. उत्तर छापून आलं.

दीक्षाच्या कॉलेजात मुंबईचा पेपर येतो. तो ती घरी घेऊन आली, तोंड एवढंसं करून. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'अंडीचोरांचं बेट'. खाली लिहिलंय की उंबरकोंडचे गावकरी घरट्यांना खुणा करून ठेवतात आणि सवडीनं अंडी पळवतात, वर शेत जाळतात. तुझ्या सरांचं नाव हाय. वीतभर लांब आणि वीतभर रुंद लिहिलंय, मी हातानं मोजलं.

परवा महाडच्या वनखात्याच्या कचेरीतली दोन माणसं आली. टिटव्यांची जळलेली घरं त्यांनी बघितली, फोटो घेतला, मला विचारलं, आग कुणी लावली? मी बोलले, मी. ते एवढंच लिहून घेत होते, पुढचं काय ऐकेनात. बेटावर फळा ठोकून गेले. दीक्षानं वाचला, 'प्रवेश बंद'. पक्ष्यांचा मोसम संपेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाय. मृग लागायला वीस दिवस नायत. रोप टाकलं नाय तर लावणी कशाची करायची? चार घरांचं वर्षाचं भात त्या बेटावर हाय. पक्ष्यांचा मोसम संपेल तेव्हा आमचाही संपलेला असेल.

माझी आई तळ्याचं पाणी प्यायला गेली तेव्हा मी तिच्या पोटात होते. तिनं कुणाची चिठ्ठी नव्हती घेतली. म्हणून मला परवानगी मागायची सवय लागली नाय. आणि शहात्तराव्या वर्षी मला माझ्या सासऱ्याच्या शेतात शिरायला बंदी, आणि ती टिटवीसाठी. जिच्यासाठी मी धड लुगडी फाडली.

(आजी इथे थांबली. पाणी प्यायली. – दीक्षा)

आता ऐक. लेखात एक फोटो हाय. कुणीतरी काठ्यांचा भारा हातात धरलाय. चिंध्या माझ्याच. माणसाचं तोंड दिसत नाय, नुसता हात. दीक्षा बोलली, आजी, खाली लिहिलंय, 'गटाच्या सदस्यांनी चोरांच्या खुणा उपटून काढल्या.' मी बोलले, वाचू नको, फोटो दे.

मला अक्षर वाचता येत नाय, हात वाचता येतो. करंगळी आत वळलेली हाय. तशी करंगळी तुझ्या पणजोबाची होती, रामजीची होती, तुझ्या बापाची हाय. सबंध तालुक्यात दुसऱ्या कुणाची नाय.

मी तुला लिहिलं होतं, आंधळ्यालाही कळेल असं करून ठेवलंय. चुकलंच माझं. शिकलेल्याचं काय ते लिहायला हवं होतं.

पेपर घेऊन तशीच श्रीपतच्या दारात गेले. त्याला करंगळी दाखवली. त्यानं बघितली, मला पाणी दिलं. होडी अजून पालथीच हाय.

मंजुळा रामजी


अंबरनाथ
२५ मे २००३

ती. आजीस,

हात माझाच आहे.

खरं काय ते लिहितो. बेटावर काठ्या दिसल्या तेव्हा सर म्हणाले, अंडी चोरणारे अशाच खुणा ठेवतात. मला ते लगेच पटलं. मीच पुढे झालो. सतरा काठ्या मी उपटल्या, फोटोसाठी धरल्या आणि नदीत सोडून दिल्या. श्रीपतकाका होडीपाशी बिडी ओढत बसले होते, त्यांची आमच्याकडे पाठ होती. त्यांना विचारावं असं मनात आलं होतं. पण आम्हाला चोर तेच वाटत होते, मग त्यांना काय विचारायचं?

तुमचं एप्रिलचं पत्र वाचलं त्याच दिवशी मला सगळं कळलं. सरांना फोन केला. ते म्हणाले, लेख कधीच गेला, आणि गाववाले असंच सांगणार. मी म्हणालो, ती माझी आजी आहे. ते म्हणाले, म्हणूनच तुला तसं वाटतंय. त्यावर मी फोन ठेवला. तुमच्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं होतं, तेही माझ्याने झालं नाही. लेख तरीही छापला जाणार नाही अशी आशा करत राहिलो.

क्षमस्व. मी काय करू ते सांगा.

सुहास


उंबरकोंड
३० मे २००३

सुहास,

'क्षमस्व' म्हणजे काय ते दीक्षाला विचारलं. ती बोलली, माफ करा. मग तसं लिहायचं. माफीला सोवळं कशाला नेसवतोस?

मला राग कशाचा हाय ते नीट समजून घे. काठ्या उपटल्यास याचा कमी. चोराच्या असत्या तर मीही उपटल्या असत्या. माझ्या भाकऱ्या खाऊन, माझ्या माणसाच्या होडीत बसून गेलास आणि घटकाभरात आम्ही चोर हे तुला पटलं, त्याचा हाय. अनोळखी माणसाला पटलं असतं तर मी हसले असते. आणि पत्र वाचल्यावर महिनाभर गप्प बसलास, तेवढा महिना श्रीपत खोटा ठरून वरच्या वाटेनं गेला, याचा त्याहून जास्त हाय.

काय करू विचारतोस. त्याच पेपरात तुझ्या नावानं लिही, मोठ्या अक्षरात. छापत नसतील तर दारात बसून राहा, बँकेत बसतोसच. सात तारखेला मृग लागतो, शनिवार हाय, पहिला, म्हणजे महाडची कचेरी उघडी असते. तिथं जाऊन तुझ्या हातानं लिहून दे की काठ्या कुणी काढल्या. माझ्याकडे माफी मागायला लगेच येऊ नको. आधी श्रीपत. तो बोलेल तसं करायचं, उलट बोलायचं नाय, त्याला जिलेबी शिकवायची नाय.

भाकऱ्या टाकून ठेवते. त्याचा रागाशी संबंध नाय.

मंजुळाआजी


अंबरनाथ
१० जून २००३

ती. आजीस,
जयभीम.

शनिवारी तुमच्यासमोर फारसं बोलता आलं नाही. तुम्हीही 'चटणी वाढू का' यापलीकडे काही बोलला नाहीत. म्हणून बेटावर काय झालं ते लिहितो. काका तुम्हाला सांगणार नाहीत.

कचेरीत जबाब लिहून दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, बिया टाकण्यापुरतं आत जाऊ द्या, पण आजींनी रीतसर अर्ज करावा. मग कचेरीतला एक माणूस आणि तो कागद बरोबर घेऊन मी काकांच्या दारात गेलो. म्हणालो, "काका, काठ्या मी उपटल्या. माफ करा."

काका म्हणाले, "कशाच्या होत्या?"

"काय?"

"काठ्या रे. कुठल्या झाडाच्या होत्या?"

मी अंदाजाने म्हणालो, "बांबूच्या?"

"सतरा उपटल्यास, एक बघितली नायस," ते म्हणाले. "निरगुडीच्या. चल, काप."

सतरा कापून घेतल्या. मी म्हणालो, "आता घरटी किती असतील?" ते म्हणाले, "किती का असंनात. गेल्या किती?" मग होडी उलटी करायला लावली. ती एकट्याच्याने उलटत नाही, हे त्यांनी माझं दोनदा आपटून झाल्यावर सांगितलं.

बेटावर तीन टिटव्या पुन्हा बसल्या होत्या. पहिल्या जागेपेक्षा बऱ्याच वर. एकीनं तर ऐन तुमच्या भाजलेल्या वाफ्याच्या मधोमध, राखेत चार अंडी घातली होती. काका म्हणाले, "रोव." मी काठी रोवली, मग बाकी दोघींपाशीही. म्हणाले, "चिंधी?" मी लुगड्याची चिंधी मागितली. ते म्हणाले, "तिची लुगडी संपली." म्हणून माझ्या शर्टाची बाही फाडली, निळ्या चौकटीची.

येताना ते होडीत एकच वाक्य बोलले. "तुझ्या आज्जीनं पण मला पहिलं चोर ठरवलं, मग विचारलं."

पेपरात खुलासा आला आहे. कात्रण जोडलं आहे. मी चारशे शब्द लिहून दिले होते. छापलं तेवढंच.

सुहास


उंबरकोंड
१३ जुलै २००३

चि. सुहासला जयभीम.

कात्रण पावलं. आमची चोरी वीतभर आणि तुझा खुलासा दोन बोटं, तोही शोकसभेच्या जाहिरातीखाली. दीक्षा बोलली, ठेवून देऊ. मी बोलले, भिंतीला लाव, लेखाच्या शेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्षर येवो न येवो, माप तर कळेल.

तुझ्या सरांचं एक अक्षर आलं नाय. त्यांना सांग, आजी वाट बघत नाय. पण विसरलीही नाय.

रोप बारा जूनला टाकलं. राखेत बसली होती तिच्याभोवती चार हात जागा सोडली. तेवढं रोप कमी आलं. लावणीला दोन वाफ्यांचं रोप कमी पडलं, ते कापडे गावाहून माझ्या लेकीनं पाठवलं. टिटवीची तीन पिल्लं पळाली. चौथं अंडं तसंच राहिलं. कधी राहतं.

परवा नदी चढली. श्रीपत आणि मी काठावर उभे राहून बघत होतो. कचेरीचा फळा गेला वाहून, तो सखल जागी ठोकला होता. ठोकताना कुणी टिटवीला विचारलं नव्हतं. पाणी वर वर येत तुझ्या राखेतल्या काठीच्या दोन हात खाली थांबलं. श्रीपत बोलला, "काठी तिरकी रोवलीय पोरानं." बस, तेवढंच. पण पिल्लं गेली तरी ती काठी त्यानं अजून उपटलेली नाय.

त्यानं होडीत तुला काय सांगितलं ते वाचलं. खरं हाय. मीही त्याला आधी बोलले आणि मग विचारलं, तेही वाडीसमोर. म्हणून वाडीसमोरच परत गेले. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या पायरीवर सगळ्यांसमोर त्याच्याकडे माफी मागितली, पेपर येण्याच्या आधीच. तेव्हा पुरावा नव्हता, नुसतं त्याचं तोंड बघवत नव्हतं. त्यानं मान हलवली, पण होडी पालथीच राहिली, आणि पेपर आल्यावर ती तुझ्यासाठीच तशी ठेवली. हे तुला सांगितलं नव्हतं. तुला तेव्हा सांगितलं असतं तर आजीचंही चुकलं म्हणत तू लगेच बरोबरीला येऊन बसला असतास.

आता अर्जाचं. कचेरीवाले बोलले, दर वर्षी अर्ज करायचा. छापील कागद होता. मी अंगठ्याला शाई लावून बसले, पण आधी दीक्षाला बोलले, वाच. तिनं वाचलं. खाली एक ओळ होती, 'पक्ष्यांचे संरक्षण कसे करावे हे शिकण्यास मी तयार आहे.' मी बोलले, खोड. ती बोलली, आजी, छापलेलं हाय. मी बोलले, छापलेलं खोडता येतं, आपल्याला आता ठाऊक हाय. तिनं खोडून लिहिलं, 'शिकवण्यास तयार आहे.' मग मी अंगठा दिला.

कचेरीतला माणूस बोलला, आजी, असं चालत नाय. मी बोलले, मग तसाच ठेव, मार्चात बेटावर ये आणि तिथं फाड.

तूही ये. उरलेल्या चौदा काठ्या श्रीपतनं माळ्यावर ठेवल्यात. येताना जुने शर्ट आण, नवीन नको, नवीन फाडताना तुझा जीव जाईल. आणि काय दिसलं ते कळलं नाय तर तोंड उघडून विचार. मी हाय तोवर सांगेन. मग दीक्षा सांगेल, ती शाळेत बाई होणार हाय, तिला सांगायची हौस हाय.

(हे मी लिहिणार नव्हते. – दीक्षा)

मंजुळाआजी